पितिल्यानो ते सोवाना: "सोपी वाट" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

इटलीत, दक्षिण तोस्कानातल्या (टस्कनीतल्या) पितिल्यानोहून सोवानाला जाणारी पायवाट सगळीकडे "सोपी, मुलाबाळांसह करण्यासारखी" म्हणून खपवली जाते. अंतर जेमतेम ८ किमी, चढ-उतार किरकोळ. पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर यातलं एक अक्षरही खरं धरू नका.

घोळ आहे सान जुझेप्पेच्या व्हीया काव्हात. व्हीया काव्हा म्हणजे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या लोकांनी टुफात, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडात, खोदलेला रस्ता. दोन्ही बाजूंना कित्येक मीटर उंच उभ्या भिंती, मध्ये एखादी गाडी जेमतेम जाईल एवढी जागा. तळाशी ऊन पोचत नाही, त्यामुळे वर लख्ख ऊन असलं तरी खाली शेवाळ ओलंच. त्यावर कुजक्या पानांचा थर, त्याखाली शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेला दगड आणि पाण्यासाठी खोदलेली चर. पाय नेमका त्या पानांनी भरलेल्या चरीत जातो आणि घोटा मुरगळतो. पावसाळ्यात सह्याद्रीतली घळ उतरलेल्यांना अंदाज येईल. फरक एवढाच, की इथे हाताने धरायला झुडूपही नाही, कारण भिंत सरळसोट.

म्हणून दिशा महत्त्वाची. पितिल्यानोहून निघालात तर गावातून दरीत उतरायचं, नदी ओलांडायची आणि व्हीया काव्हा चढायचा. निसरड्यावर चढणं परवडतं, उतरणं नाही. सोवानाहून उलटं येऊ नका. खोल खोबणीचे ट्रेकिंग शूज हवेतच, स्नीकर्स बाद. काठी एकच घ्या, दुसरा हात भिंतीला लागतो. भिंतींमुळे जीपीएस भरकटतं, मोबाईलपेक्षा लाल-पांढऱ्या खुणा पाहा. अडीच-तीन तास धरा. पुढचा काही भाग डांबरी रस्त्याचा, कंटाळवाणा आहे.

सोवानाला पोचलं म्हणजे संपलं असंही नाही. इल्देब्रांदाचं थडगं, म्हणजे ज्यासाठी बहुतेकजण येतात ती एट्रुस्कन कबर, गावापासून आणखी दीड किलोमीटर पुढे आहे. तिथे तिकीट लागतं.

परतीची बस हा दुसरा सापळा. वेळापत्रकात "फेरियाले" म्हणजे सोमवार ते शनिवार, "फेस्तिव्हो" म्हणजे रविवार आणि सुट्टी. "स्कोलास्तिको" लिहिलेली बस शाळा चालू असतानाच धावते, म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती विसरा. नेमके आपले काही लोक जूनच्या सुट्टीत येतात आणि नसलेल्या बसची वाट बघत बसतात. तिकीट आधीच तबाक्कीतून, म्हणजे तंबाखूच्या दुकानातून घ्या. दुपारी १ ते ४ ते दुकानही बंद असू शकतं. टॅक्सी करायची वेळ आली तर बसण्याआधी पूर्ण आकडा ठरवून घ्या.

गाडी घेऊन येणार असाल तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परमिट हवं. निळ्या पट्ट्यांत पैसे देऊन पार्किंग, पांढऱ्यांत फुकट, पिवळ्या राखीव. "झेड-टी-एल"ची, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागाची पाटी दिसली की जुन्या गावात गाडी घालू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडावर भाड्याची कंपनी स्वतःचे वेगळे पैसे लावते.

जेवणाच्या बिलातला "कोपेर्तो", म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, ही फसवणूक नाही. माणशी दीड ते तीन युरो, मेन्यूवर छापलेले असतात. खरी मेख "एत्तो" या शब्दात. स्टेकपुढे ६ युरो आणि शेजारी बारीक अक्षरात "एत्तो" म्हणजे १०० ग्रॅमचा भाव, आणि समोर येतो किलोभराचा तुकडा. शाकाहारींनी तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, घेताना सावध राहावं. आत रिकोटा-पालक असलं तरी वर बहुधा मांसाचा रस्सा ओततात. "बुर्रो ए साल्व्हिया" म्हणा, म्हणजे लोणी आणि सेज. स्वयंपाकघर बहुधा अडीचला बंद होतं, रात्री साडेसातच्या सुमारास उघडतं.

पितिल्यानो गाव स्वतः बघायला अर्धा दिवस पुरतो. १५९८चं सिनगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि त्याखाली टुफात कोरलेल्या खोल्या चुकवू नका, शनिवारी मात्र बंद. बेकरीत स्फ्रात्तो मागा: आत मध आणि अक्रोड, बाहेर पातळ पारी, काठीसारखा लांब. ज्यूंना घराबाहेर काढताना दारावर ज्या काठीने ठोकत, तिच्यावरून हे नाव पडलं. तुकडा कापून मागू नका, आख्खा घ्या, वाटेत काप काढून खाता येतो.