उरेब पट्टी आणि हेगेल

लेक टी.वाय.बी.ए.ला आहे, तत्त्वज्ञान घेऊन. नौपाड्यातल्या माझ्या ब्लाउजच्या दुकानात संध्याकाळी हुक-काजं करायला बसते आणि नोट्स मोठ्याने वाचते. माझा अभ्यास फुकटात होतो.

परवा 'वस्तुनिष्ठ चिद्वाद' निघाला. तिच्या झेरॉक्समध्ये त्याला 'आदर्शवाद' म्हटलंय. मी म्हटलं, म्हणजे साने गुरुजी का?

"नाही हो बाबा! आदर्शाशी संबंधच नाही. जगाच्या मुळाशी जड वस्तू नाही, चित् म्हणजे मन, विचार आहे, असं म्हणणारे ते चिद्वादी."

आधी बर्कली. आयर्लंडचा. १७१०च्या पुस्तकात म्हणतो, वस्तूचं असणं म्हणजे जाणवलं जाणं. मग रात्री शटर ओढून मी घरी गेलो की माझी मशीन आहे की नाही? आहे म्हणे, देव बघत असतो. देवाला वॉचमन करून ठेवलाय!

जर्मनीच्या हेगेलला (१७७०–१८३१) हा वॉचमन लागत नाही. विचार तुमच्या-माझ्या डोक्यात कोंडलेला नाही, जगाची घडणच विचाराची, आपण ती उशिरा ओळखतो. हाच तो वस्तुनिष्ठ चिद्वाद. जर्मनीचाच शेलिंगही त्याच गोटातला.

हे मला पटलं ते कापडामुळे. पॉपलिन उभं ओढा, आडवं ओढा, फारसं ताणत नाही. कोपऱ्याला धरून तिरकं ओढलं की लांबतं, कारण धाग्यांचे चौकोन शंकरपाळ्यासारखे होतात. म्हणून गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरकी कापायची. सरळ कापली तर गोलाईला चुण्या. शिकत असताना हे ठाऊक नव्हतं, कितीतरी पट्ट्या उसवल्या. पण मला ठाऊक नव्हतं तेव्हाही कापड तिरकंच लांबत होतं. तो हिशोब कापडातून माझ्या डोक्यात आला, डोक्यातून कापडात गेला नाही.

"झालात की हेगेलवाले!"

नाही ना. हिशोब आहे, कबूल. पण त्याला 'विचार' का म्हणायचं? तो विणीचा गुण आहे.

तिने सुई दातात धरली, मग वरच्या फळीकडे बोट केलं. "हा गुण सगळ्या पॉपलिनला लागू ना? मग त्यातल्या कुठल्या ताग्यात आहे तो? तागा हातात येतो. 'सगळ्या पॉपलिनचं' जे आहे, ते कशाने धरता?"

मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात. काल त्या नादात गळ्याची पट्टी सरळ कापली.