जास्वंदीवरचा कापूस

आमच्या ग्रिलमध्ये नऊ कुंड्या आहेत, त्यात जास्वंद जरा जास्तच लाडकी, कारण संकष्टीला फुलासाठी दादरच्या फूलबाजारात गर्दीत शिरावं लागत नाही. यंदा होळीच्या सुमारास तिच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसला. मला वाटलं वरच्या काकूंनी गादी झटकली असणार, त्या तशा सगळंच आमच्यावर झटकतात. दोन दिवसांनी बघतो तर कापूस वाढलेला, बोटाने चिरडला तर गुलाबीसर चिकट पाणी. पिठ्या ढेकूण! म्हणजे नर्सरीवाले ज्याला मिलीबग म्हणतात तो.

आता हा आला कुठून? माझा संशय अर्थातच वरच्या मजल्यावर, जिन्यात काकू भेटल्या तरी मी जरा तुटकच बोलायचो. मग एकदा सगळ्या कुंड्या उचलून पाहिल्या तेव्हा जानेवारीत हातगाडीवरून घासाघीस करून घेतलेल्या क्रोटनच्या पानांच्या बेचक्यात मूळ वसाहत सापडली. आणल्या दिवशी मी ते थेट जास्वंदीला खेटून ठेवलं होतं, दोघींची जोडी छान दिसते म्हणून. नवीन झाड दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं हे मला माहीत होतं हो, पण वन बीएचकेत वेगळं ठेवणार कुठे, बाथरूममध्ये?

बरं, दिवसभर एका जागी बसून रस पिणारा हा किडा नऊ कुंड्यांत फिरला कसा? त्याची पिल्लं तिळापेक्षा बारीक, ती चालतात, वाऱ्यावरही जातात. शिवाय मुंग्या. पिठ्या गोड चिकटा बाहेर टाकतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्याचे शत्रू हाकलतात, चक्क सोसायटीचा वॉचमन. मी कुंड्यांच्या काठाला व्हॅसलीन फासलं तर मुंग्या मनीप्लांटच्या वेलीवरून पलीकडे, तो पूल माझ्या लक्षातच आला नव्हता. आणि तिसरा वाहतूकदार मी स्वतः, एकच कात्री न पुसता सगळ्या झाडांवर चालवत होतो.

लिटरभर पाण्यात पाच मिली नीम ऑइल आणि साबणाचे थोडे थेंब, हे औषध मी पहिल्यांदा भर दुपारी मारलं, एप्रिलच्या उन्हात, पानं करपली. मग संध्याकाळी मारायला लागलो, दर आठवड्याला, कारण त्या कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात आणि ती एका फवाऱ्यात मरत नाहीत. मध्ये एकदा पाण्याचा जोरदार फवारा मारून किडे धुवून काढले, ते बहुतेक खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेले. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एका सकाळी फांदीवर चांगला दांडगा, झिपऱ्या वाढलेला पिठ्या दिसला, आणि तो भराभर चालत होता. म्हटलं हाच यांचा दादा! इअरबडने त्याला आणि त्याच्या चार भावांना चिरडलं. नंतर कळलं की ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती, जी पिठ्यालाच खाते आणि दिसते हुबेहूब त्याच्यासारखी. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये मुद्दाम भारतात आणलेला. सव्वाशे वर्षांत त्याच्या वंशातलं कोणीतरी फुकटात माझ्या ग्रिलपर्यंत मदतीला आलं आणि मी त्याचा असा सत्कार केला. त्या दिवसापासून आधी बघतो, चालतोय का बसलाय, मगच इअरबड.

आता जास्वंद सावरलीय, मागच्या संकष्टीला दोन फुलं दिली. परवा वरच्या काकू आल्या, म्हणाल्या, तुमची जास्वंद मस्त आहे, एक फांदी द्या ना लावायला. मी म्हटलं, काकू तीन आठवडे थांबा, जरा बघतो आणि देतो.

"एवढ्याशा काडीसाठी तीन आठवडे? राहू द्या हो," म्हणाल्या आणि गेल्या. आता त्या जिन्यात तुटक बोलतात.