दाराआड काय आहे, हे इतक्यात सांगायचं नाही

'सात-आठ वर्षांची मुलं उत्कंठा ताणणारी गोष्ट लिहू शकतात? तुम्ही त्यांना ते शिकवता तरी कसं?' लहान मुलांचे लेखनाचे वर्ग घेते म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. पालक विचारतात, शिक्षक विचारतात. काही जण जरा दबकत पुढचाही प्रश्न जोडतात, 'मुलं घाबरत नाहीत का?' तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी मुलं आपणहून काय लिहितात ते पाहा. पहिली गोष्ट बहुतेकदा अशी असते: 'एक मुलगा होता. तो जंगलात गेला. मग अंधार पडला. मग अचानक वाघ आला. मग मुलगा पळाला. मग तो घरी आला.' सहा वाक्यांत जंगल, अंधार, वाघ आणि सुटका. घटना भरपूर आहेत, पण त्या इतक्या भराभर येतात की वाघाला भ्यायला कुणाला सवडच मिळत नाही. इथे आपण मोठी माणसं सांगतो, 'जरा वर्णन कर.' मग मूल शहाण्यासारखं विशेषणं चिकटवतं. घनदाट जंगल, भयानक अंधार, क्रूर वाघ. गोष्ट लठ्ठ होते, पण धाकधूक तिळभरही वाढत नाही. 'भयानक' हा शब्द वाचणाऱ्याला काही दाखवतच नाही, नुसता 'आता घाबर' म्हणून हुकूम सोडतो.

माझं पहिलं काम वाघाला लांब थोपवून धरण्याचं असतं. मी म्हणते, 'वाघ झाडीत आहे हे आपल्याला ठाऊक आहे, मुलाला नाही. अजून दहा वाक्यं वाघाला बाहेर येऊ द्यायचं नाही. तोवर मुलाला काय काय दिसेल, ऐकू येईल?' पहिल्यांदा मुलं चक्रावतात. दहा वाक्यं काहीच घडणार नाही, म्हणजे लिहायचं काय?

रहस्यपटांचे नामवंत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ साली जी दीर्घ मुलाखत दिली, तिच्यात याचा फार सोपा खुलासा आहे. दोघं जण टेबलाशी गप्पा मारत बसलेत आणि एकाएकी टेबलाखालचा बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने आधीच पाहिलेलं असेल, तर त्याच साध्या गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. वर्गात मी बॉम्बच्या जागी टेबलाच्या कडेला ठेवलेली काचेची बरणी आणि तिच्याकडे सरकणारं मांजराचं पिल्लू घेते. मुलांना क्षणात कळतं. 'अचानक' हा त्यांचा लाडका शब्द पंधरा सेकंदांचा आहे, हेही त्यांना पटतं. मग आठवडाभर तो शब्द आम्ही सुट्टीवर पाठवतो.

खरं तर मराठी मुलांना हे सगळं फार आधीपासून माहीत असतं. म्हातारी भोपळ्यात बसून निघते तेव्हा भोपळ्यात कोण आहे हे आपल्याला माहीत असतं, वाघाला नसतं. चिऊताईच्या दाराशी कावळा भिजत उभा असतो आणि ती आतून एकेक काम सांगत दार उघडणं लांबवत राहते. तीन वर्षांचं मूल ही गोष्ट डोळे विस्फारून दहादा ऐकतं, शेवट पाठ असूनही. म्हणजे ऐकण्याचा कान तयार असतो. हातात पेन्सिल आली की मात्र तो विसरतो, कारण अक्षर काढता काढताच हात दमतो आणि मूल लवकरात लवकर 'घरी आला' गाठायला बघतं. म्हणून पहिली खेप तोंडीच. मूल सांगतं, मी फळ्यावर लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू.

आता एका खोक्याबद्दल सांगते. पुठ्ठ्याचं साधं खोकं, झाकणावरून सुतळीने बांधलेलं. मुलं गोल बसतात आणि खोकं हातोहात फिरतं. नियम दोनच. उघडायचं नाही, आणि आत काय असेल याचा अंदाज बोलायचा नाही. हाताला, कानाला, नाकाला जे कळलं तेवढंच सांगायचं.

'हलकं आहे.'

'हलकं आहे, पण रिकामं नाही.'

'तिरकं केलं की आत काहीतरी घरंगळतं. लगेच नाही, जरा थांबून.'

एका मुलीने खोकं बराच वेळ कानाशी धरलं. ती एरवी फारसं बोलत नसे. ती म्हणाली, 'मी हलवते तेव्हा वाजत नाही. मी थांबले की वाजतं.'

वर्ग चिडीचूप झाला. कुणी भूत म्हटलं नव्हतं, अंधारही नव्हता, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. सगळी मुलं त्या खोक्याकडे बघत बसली. तिचं वाक्य मी जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, यात विशेषण कुठे आहे? एकही नव्हतं. तिने नीट ऐकलं होतं आणि जे ऐकलं ते नेमक्या क्रमाने सांगितलं होतं. मला वर्णन म्हणून जे शिकवायचं असतं ते हेच. डोळ्यांआधी कान, कानांआधी हात. डोळे सगळं एका दमात सांगून टाकतात, म्हणून त्यांची पाळी शेवटी.

आपल्या भाषेत यासाठी दोन फार सुंदर सोयी आहेत. मुलांना त्या सापडतात तेव्हा मला अगदी भरून येतं. पहिली म्हणजे आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. मी मोठ्याने वाचते, 'त्याने श्वास रोखून, आवाज न करता, दाराची कडी...' आणि थांबते. मुलं ओरडतात, 'काढली!' 'लावली!' 'नाही, निखळून त्याच्या हातात आली!' कडी काढली की लावली यावर सगळी गोष्ट अवलंबून आणि तो शब्द वाक्याच्या अगदी टोकाला. मग मुलं शेवटच्या शब्दाआधी काय काय ठेवता येईल, हे शोधू लागतात.

दुसरी सोय म्हणजे नपुंसकलिंग. व्याकरणाच्या तासाला ते नुसतं पाठ करायचं असतं, गोष्टीत त्याला जीव येतो. एक मुलगा लिहीत होता, 'पलंगाखाली तो हलला.' मी विचारलं, कोण तो? तो विचारात पडला. 'तो म्हटलं की माणूस वाटतो. ती म्हटलं की मांजर वाटते.' मग स्वतःच खोडून त्याने लिहिलं, 'पलंगाखाली ते हललं.' लिहून वर बघितलं, तेव्हा त्याच्याच अंगावर काटा आला होता. 'ते' म्हणजे काय हे अजून त्यालाही माहीत नव्हतं.

शब्दांची श्रीमंती तर विचारूच नका. आवाज, चाहूल, कानोसा या तीन शब्दांवर अख्खा तास जातो. आवाज कशाचाही येतो. चाहूल कुणीतरी येत असल्याची लागते. कानोसा आपण घेतो. आम्ही भिंतीवर आवाजांचा तक्ता लावलाय: खुट्ट, करकर, सळसळ, टपटप, खसफस. अंधाराचा वेगळा. मिट्ट काळोखात काही दिसत नाही, किर्र रात्रीत रातकिडे ऐकू येतात, कातरवेळी दिसतं पण ओळखू येत नाही. एका मुलीने विचारलं होतं, 'मिट्ट म्हणजे अंधारानेच डोळे मिटलेत का?' मी त्यावर उत्तर दिलं नाही, तिला ते लिहून ठेवायला सांगितलं. तक्त्यावरचे शब्द मात्र एका गोष्टीत दोन-तीनच घ्यायचे. सगळे कोंबले की पुन्हा तेच, गोष्ट लठ्ठ.

आता भीतीचं. हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. एकदा एक वडील सांगायला आले, मुलगा गोष्ट लिहून आला आणि रात्री एकटा खोलीबाहेर जाईना. तेव्हापासून पहिले काही तास मी अंधार आणि भुतं आणतच नाही. बाकाच्या कडेला घरंगळत आलेली पेन्सिल, तडा गेलेलं पण अजून न फुटलेलं अंडं, झाडात अडकलेला पतंग आणि वाढता वारा. जीव यातही टांगणीला लागतो. आणि त्या मुलाशी बोलले. त्याच्या गोष्टीत दाराबाहेर काहीतरी उभं होतं. मी विचारलं, 'ते तिथे किती वेळ उभं राहणार, हे कोण ठरवतं?' तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'मीच की.' त्याने ते तीन वाक्यं उभं ठेवलं आणि चौथ्या वाक्यात जिना उतरून जाऊ दिलं. पायऱ्या मोजून लिहिल्या होत्या त्याने, अकरा. तरीही काही मुलांना हा प्रकार मानवत नाही. त्यांनी खुशाल दुसरं काही लिहावं, मी आग्रह धरत नाही.

आग्रह धरते तो एकाच बाबतीत. 'तेवढ्यात मला जाग आली, ते स्वप्न होतं' हा शेवट मला चालत नाही. वाचणाऱ्याने तुमच्यासाठी इतका वेळ श्वास रोखून धरला, त्याला काहीतरी हाती द्यायलाच हवं. दाराआड जे होतं ते छोटं असेल, साधं असेल, हरकत नाही. पण ते हवं, आणि त्याची खूण आधी कुठेतरी पेरलेली हवी. कारणासकट सांगितलं की मुलांना हे लगेच पटतं. न्यायाची त्यांची जाण मोठ्यांपेक्षा कडक असते.

खोक्याचं राहिलंच. तास संपायला पाच मिनिटं होती. सुतळी त्याच मुलीने सोडली. आत पुठ्ठ्याची एक नळी आडवी चिकटवलेली होती, तिच्यात कापसाचे दोन-तीन बोळे आणि एक गोटी. खोकं तिरकं केलं की गोटी कापसातून वाट काढत सावकाश सरकायची आणि हात थांबल्यावर टोकाला जाऊन खुट्ट वाजायची. मुलीने झाकण परत लावलं, खोकं कानाशी धरलं, एकदाच तिरकं केलं आणि हात अगदी स्थिर ठेवून बसली. आत काय आहे हे आता साऱ्या वर्गाला माहीत होतं. तरी तो आवाज येईपर्यंत कुणीही हललं नाही.