डिफेंडर बंद करून दिलेलं विंडोज

माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर डाव्या हाताला २०१३ सालचा एक डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायम उघडं. एप्रिल-मेमध्ये अमळनेरात पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा छोटा टेबल फॅन थेट त्याच्या पोटात सोडतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम आहे. दुकानात आलेला कुठलाही पेनड्राईव्ह आधी तिथे लागतो, मग दुसऱ्या मशीनला.

परवा कॉलेजातली एक मुलगी प्रोजेक्टची प्रिंट काढायला आली. "दादा, सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत हो. उद्या सबमिशन आहे." पेनड्राईव्ह गावातल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडून फिरून आलेला. मिंटला लावला तर शॉर्टकट दिसले, आणि त्यांच्याच शेजारी तिचे खरे फोल्डरही दिसले. व्हायरसने काही उडवलं नव्हतं. फोल्डरांवर 'हिडन' आणि 'सिस्टीम' असे दोन शिक्के मारून ते लपवले होते आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे उभे केले होते. विंडोजवर शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते, मग फोल्डरही उघडून मिळतो. त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. मिंट ते शिक्के जुमानत नाही आणि विंडोजची ती स्क्रिप्ट त्याच्यावर चालत नाही. दोन मिनिटांचं काम. पैसे फक्त प्रिंटचे घेतले.

हे पाहून लोक हमखास विचारतात, मग सगळ्यांनाच लिनक्स का टाकून देत नाही? त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती मला शोभणारी नाही.

२०१९ ची नवरात्र. पारोळ्याकडचे एक भुसार आणि कापसाचे व्यापारी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, सकाळी दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर उभे. "भाऊ, मना सगळा हिसाब कथा गया?" म्हणजे, माझा सगळा हिशोब कुठे गेला? कॉम्प्युटर लावून पाहिला तर प्रत्येक फाईलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट. प्रत्येक फोल्डरमध्ये एक रीडमी नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०. आप्पांच्या भाच्याने आदल्या रात्री फोटो एडिटिंगचं कुठलं तरी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, नेटवरून उतरवलं होतं. ते चालू केल्यावर स्क्रीनवर विंडोज अपडेटची खिडकी आली, म्हणून सगळे निवांत जेवायला गेले. ती खिडकी खोटी होती. तिच्या आड फाईलींना कुलपं लागत होती. स्टॉप नावाच्या रॅन्समवेअरची, म्हणजे फाईली ओलीस धरून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, ही ठरलेली चाल, आणि पसरायचा रस्ताही ठरलेला: क्रॅक.

आता माझा भाग. त्या मशीनवर विंडोज १० मीच टाकलेलं. फुकटातलं, ॲक्टिव्हेटर लावून, म्हणजे चोरीचं विंडोज विकत घेतलेलं भासवणारा प्रोग्राम. ॲक्टिव्हेटर चालू द्यायचा तर विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आडवा येतो, म्हणून तो बंद करायचा. तोही मीच बंद केला आणि परत चालू केलाच नाही. तेव्हा माझा रेट ३०० रुपये होता, "विंडोज मारून देणे". ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून विप्रोचा जन्म झाला, त्या गावात पैसे मोजून घेतलेलं विंडोज बोटावर मोजण्याइतकं. मी एकटाच असा होतो असं नाही, पण आप्पांच्या मशीनचा चौकीदार मीच घरी पाठवला होता.

खंडणी भरायची नाही हे आप्पांनीच ठरवलं. पुढे दिवाळीच्या आठवडाभर आधी एम्सिसॉफ्ट कंपनीने स्टॉपच्या जुन्या अवतारांवर मोफत किल्ली काढली. मी अधाशासारखी उतरवली. आमच्या फाईली नव्या अवताराने बांधलेल्या निघाल्या. ऑगस्ट २०१९ नंतरच्या अवतारात, मशीन नेटला जोडलेलं असेल तर, प्रत्येकाची किल्ली वेगळी आणि ती चोरांच्या सर्व्हरवर, त्यामुळे काही उघडलं नाही. सुदैवाने आप्पा लाल कापडातली वही जुन्या सवयीने लिहीत होते. रात्री-रात्री बसून मी ती सगळी टॅलीत उतरवली. लक्ष्मीपूजनाला त्यांनी वहीसोबत कीबोर्डलाही हळद-कुंकू लावलं. एफ-५ च्या खाचेत अजून थोडं आहे.

तेव्हापासून ॲक्टिव्हेटर माझ्या दुकानात बंद. विंडोजला लोक उगाच कमजोर म्हणतात. आताच्या विंडोजमध्ये डिफेंडर आहे, दर महिन्याला दुरुस्त्या येतात, विंडोज ११ ला तर टीपीएम २.० नावाची चिपच लागते, डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळायला. पण ज्याने चोरूनच आणलंय तो अपडेटला घाबरतो, ॲक्टिव्हेशन जाईल म्हणून. मग दुरुस्त्या येऊनही दारातच. मे २०१७ चा वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर विंडोजच्या ज्या भगदाडातून घुसला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती.

मिंटचा फायदा मला इथेच दिसतो. चोरायची गरजच पडत नाही. सॉफ्टवेअर एका ठरलेल्या भांडारातून येतं, सही तपासून. गुगलवर "फ्री डाउनलोड" शोधत फिरावं लागत नाही. सिस्टीममध्ये काही बदलायचं तर पासवर्ड मागतं. घराघरांत लिनक्स कमी, म्हणून चोरांचंही तिकडे लक्ष कमी, हेही खरंच. तरी ते अभेद्य वगैरे काही नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या, फाईली दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एवढ्याशा शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरने तो पकडला. गंमत म्हणजे हा माणूस मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला.

सगळ्यांना मात्र मी लिनक्स देत नाही. आधारच्या अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, टॅली, पत्रिकावाल्यांचे जुने मराठी फॉन्ट: यातलं एकही रोज लागत असेल तर विंडोजच, पण बिलावरचं. प्रत्येक सेतू केंद्रात दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर मिंटवर चालू करताना माझा एक अख्खा रविवार गेलाय. मॅक वर्षाला दोनेक येतात, तेही पुण्याहून सुट्टीला आलेल्यांचे. सुरक्षा चांगली, किंमत बघून आमच्याकडे विषय संपतो. आणि मोबाईलचं म्हणाल तर अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, तरी व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे ॲपची फाईल, लोक स्वतःच्या बोटाने "अलाऊ" करतात, मेसेज वाचायची परवानगीही देतात, आणि ओटीपी गेला की माझ्याकडे येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आणखी एका वर्षाच्या सुरक्षा-दुरुस्त्या नाव नोंदवून मिळतात, पण आप्पांचं मशीन तसंही थकलं होतं आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर ११ नियमाने बसत नाही. हिकमतीने बसवता येतं, मी करत नाही. नवीन मशीन घेतलं, विंडोज ११ लायसन्ससकट. जुन्यावर मिंट टाकून नातवाला दिलं.

बसवून झाल्यावर आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. "भाऊ, आते तरी खरं शे ना?" मी सेटिंग उघडून ॲक्टिव्हेशनची ओळ दाखवली, डिफेंडरची हिरवी खूण दाखवली. ते चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, बिल दे. बिलाची प्रिंट चार घड्या करून त्यांनी लाल वहीत ठेवली.