वाणसामानाची यादी, लोकलचा पास आणि वर्षाचा हिशेब

घरखर्चाचा विषय निघाला की आपण बहुतेक वेळा दुकानातल्या दरांविषयीच बोलतो: तूरडाळ किती झाली, तेल किती चढले, मेथीची जुडी आज काय भावाने मिळाली. इतकी वर्षे घराचा हिशेब लिहिल्यावर माझे मत असे झाले आहे की काटकसरीचा फार थोडा भाग दुकानात घडतो. वस्तू केव्हा घ्यायची आणि किती घ्यायची हे आधी ठरवण्यात आणि आणलेली वस्तू पूर्ण वापरली जाईल याची काळजी घेण्यात खरी बचत असते.

मुंबईत तर ही गोष्ट अधिकच लागू पडते, कारण येथे पैशाइतकीच जागेची चणचण असते. गावाकडे वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. पण परळच्या आमच्या दोन खोल्यांत पोती ठेवणार कुठे, आणि ठेवली तरी इथल्या दमट हवेत ती टिकवणार कशी, हा प्रश्न असतोच. जून उजाडला की रव्याला जाळी लागते, तांदळात सोंडे होतात, पोहे मऊ पडतात. पाच किलोवर सूट मिळते म्हणून आणलेल्या रव्यातला दोन किलो टाकून द्यावा लागला, तर ती सूट कुठे गेली हे वेगळे सांगायला नको. म्हणून आमच्याकडे पीठ आणि रवा पंधरवड्यापुरताच येतो. तांदूळ आणि डाळी मात्र मे महिन्यात कडक ऊन दाखवून, गव्हाला आणि तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यांत दोन-तीन महिन्यांच्या बेताने भरल्या जातात. साठवण किती करावी, याचे उत्तर सवलतीच्या फलकावर मिळत नाही. ते आपल्या डब्यांवर आणि घरातल्या माणसांच्या भुकेवर ठरते.

पाकीटबंद मालाच्या बाबतीत छापील किमतीपेक्षा वजनाकडे आधी पाहावे. तेलाच्या पिशव्यांचे उदाहरण घेऊ. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्याच आकाराच्या, तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत मात्र ८५० ग्रॅमच्या आसपास तेल असते आणि तसे त्यांच्यावर छापलेलेही असते. समजा, लिटरची पिशवी १३८ रुपयांना आहे आणि शेजारची ८५० ग्रॅमची १३० रुपयांना. आठ रुपये वाचले असे वाटून आपण दुसरी उचलतो, पण किलोचा भाव काढला तर पहिली सुमारे १५२ रुपयांना पडते आणि दुसरी १५३ रुपयांना, म्हणजे स्वस्त वाटलेलीच किंचित महाग ठरते. आता पाकिटावर एकूण किमतीच्या जोडीने प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही छापलेली असते. अक्षर बारीक असते, पण चष्मा लावून ते वाचावे, कारण दोन पाकिटांची तुलना त्याच आकड्यावर होते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते, हा समजही तपासून घ्यावा. शांपूच्या बाबतीत अनेकदा लहान पुड्याच मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, फक्त त्यांचा प्लॅस्टिकचा कचरा फार होतो आणि त्या कारणाने मी त्या घेत नाही.

मुंबईच्या मराठी घरांना हा हिशेब नवा नाही, आणि तो केवळ चार भिंतींतलाही नव्हता. १९४८ मध्ये नायगावात कामगारवस्तीतल्या लोकांनी सहकारी तत्त्वावर अपना बाजार उभा केला. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि गृहिणी हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची वितरणाची पद्धत मला आजही अभ्यासण्यासारखी वाटते. शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आधी लिहून देतात, अनेक संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घेतला जातो आणि तो आल्यावर सभासदच त्याचे वाटप करतात. घाऊक दराचा फायदा त्यात आहेच. पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा यादी आगाऊ भरण्यात आहे. महिनाभर घराला काय लागणार याचा विचार स्वयंपाकघरात डबे उघडून, शांतपणे करावा लागतो, आणि समोर रचून ठेवलेला माल पाहून हात पुढे जाण्याचा प्रसंगच येत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान देण्याची सोय आता गल्लोगल्ली झाली आहे आणि आजारपणात ती उपयोगीही पडते. परंतु रोज एकेक वस्तू मागवणाऱ्या घराला आपली यादीच उरत नाही. पोहोचवण्याचे शुल्क टाळण्यासाठी आणखी एखादी नको असलेली वस्तू घ्यावी लागते, तो खर्च वेगळाच.

वेळेचे महत्त्व सर्वांत चांगले कळते ते मसाल्याच्या खरेदीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची बाजारात येऊ लागते आणि उन्हाळ्यात लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत उभे राहायला जागा नसते. आमच्या सासूबाई तेथे गेल्या की आधी दर विचारीत नाहीत. मूठभर मिरच्या उचलून कानाशी हलवतात. मिरची पुरती वाळलेली असेल तर आतले बी खुळखुळते, आणि आवाज आला नाही तर मिरचीत ओल आहे, म्हणजे आपण मिरचीच्या भावाने पाणी विकत घेणार आहोत, असे समजावे. मग देठ पाहतात, कारण देठासकट मिरची घेतली तर दर कमी असला तरी देठांचे वजन त्यातून वजा करावे लागते. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी, आणि बेडगीचा भाव फार चढला असेल त्या वर्षी थोडी काश्मिरी, असे प्रमाण त्या जागीच ठरते. घरी आल्यावर मिरची आणि धने गच्चीवर दोन-तीन दिवस उन्हात राहतात, खडा मसाला मंद आचेवर भाजला जातो, आणि मग सगळे डंकावर कुटून आणतात. बरणीत मसाला दाबून भरल्यावर वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि रोजच्या वापरापुरता मसाला लहान डब्यात काढून मोठी बरणी मध्येच उघडायची नाही, या दोन गोष्टी पाळल्या तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मसाल्याचा रंगही जात नाही. कुटणावळ, ऊन दाखवण्याचे कष्ट आणि एक सुटीचा दिवस धरूनही हा मसाला तयार पाकिटांपेक्षा आम्हाला परवडतो, आणि चवीची तर तुलनाच होत नाही.

मासळीचेही असेच आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत ताज्या मासळीचे भाव सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत सुके बोंबील, सोडे आणि जवळा घेऊन ठेवणे हा कोळीवाड्यांपासून चाळींपर्यंत सर्वांचा परिपाठ आहे. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात मे महिन्यात गेलात तर अर्धी मुंबई तेथे भेटेल. हापूसच्या बाबतीत मी एवढेच सांगेन की मार्चमधली पहिली पेटी ही हौस आहे, ती हौस म्हणूनच घ्यावी. आमरसाचा आंबा मेच्या मध्यावर घ्यावा, आणि रसासाठी लहान फळ चालते.

आता ठरलेलाच आहे म्हणून ज्या खर्चाकडे आपण लक्षच देत नाही, त्याविषयी. लोकलचा पास महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा आणि वर्षाचा असा मिळतो. तिमाही पासाला मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिकाला १०.८ पट. म्हणजे दर महिन्याला पास काढणारा माणूस वर्षाला बारा महिन्यांचे पैसे भरतो आणि तिमाही काढणारा पावणेअकरा महिन्यांपेक्षा जरासे जास्त. या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे: चार तिमाही पास घेतले तरी बेरीज १०.८ पटच होते, तेव्हा वार्षिक पास काढून अधिक काही वाचत नाही. नोकरी बदलण्याचा किंवा घरून काम करण्याचा संभव असेल तर सगळे पैसे वर्षभरासाठी अडकवण्यापेक्षा तिमाही पास सोयीचा. माझे पती परळहून ठाण्याला जातात आणि आमच्याकडे तिमाहीच चालतो.

विजेच्या बिलात टप्प्यांची रचना समजून घेतली की कुठे हात घालायचा ते कळते. घरगुती वापरासाठी १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा, असे चढते टप्पे आहेत. त्यामुळे आपण वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातले असते. मुंबईत पंखा जवळजवळ वर्षभर फिरतो. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो आणि बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिटे वाचतात. म्हणून पंखा बदलायचा तर सर्वाधिक वेळ चालणारा आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहिला तरी चालेल. फ्रिज दिवसरात्र चालू असतो, तेव्हा तो घेताना नुसते तारे मोजू नयेत, लेबलवर लिहिलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचावा आणि लेबल कोणत्या काळातले आहे तेही पाहावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या निकषांवरचे पाच तारे नव्या निकषांवर तितके राहत नाहीत.

औषधांविषयी थोडक्यात: रक्तदाब, मधुमेह यांसारखी कायमची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना त्याच घटकाचे जेनेरिक औषध चालेल का, असे मोकळेपणाने विचारावे. २००८ पासून सुरू असलेल्या जन औषधी दुकानांत अशी अनेक औषधे पुष्कळच कमी किमतीत मिळतात. विचारल्याशिवाय मात्र आपल्या मनाने गोळी बदलू नये.

काही ठिकाणी काटकसर करू नये, असेही माझे ठाम मत आहे. दादरच्या बाजारात पहाटेपासून भाजी घेऊन बसलेल्या बाईशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करणे मला पटत नाही. तेवढे पैसे आपण एका नको असलेल्या मागणीत घालवतो. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार दर वर्षी वाढला पाहिजे आणि त्यांच्या सुट्ट्यांचे पैसे कापू नयेत, कारण महागाई जशी आपल्याला आहे तशी त्यांनाही आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या मजुरीचेही तेच. कुकरची रिंग, मिक्सरच्या भांड्याचे पाते, पिशवीची तुटलेली चेन, चपलेचा अंगठा ही कामे करणारे कारागीर अजून आपल्या गल्ल्यांत आहेत. त्यांना काम मिळत राहिले तरच ते टिकतील, आणि ते टिकले तरच आपल्याला दर दोन वर्षांनी नवा मिक्सर घ्यावा लागणार नाही. आमच्या मिक्सरचे पाते याच महिन्यात बदलून घेतले. दुकानदाराने भांड्याचा तळ उलटा करून दाखवला, बेअरिंगमधून पाणी खाली मोटरवर गळत होते. वेळीच आणले नसते तर मोटर जळाली असती, असे तो म्हणाला. भांडे धुतल्यावर ते रात्रभर पालथे घालून निथळू द्यावे, हे त्याने सांगितलेले आता आमच्या घरात सगळे पाळतात.