बिनफवारलेला ढग

काल रात्री फोन ठेवता ठेवता आत्याने विचारले, "त्या साली पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यावरनं गेलेला ढग तुम्ही फवारलेला का बिनफवारलेला रे?" आणि ढगांवर तासभर बोलू शकणारा मी 'बघून सांगतो' एवढेच म्हणालो.

बघितले. कायपीक्स या कृत्रिम पावसाच्या प्रयोगाच्या २०१९ च्या मोहिमेतील सोलापूरच्या मुक्कामाची वही माळ्यावर सापडली. मंगळवेढ्याच्या बाजूच्या नोंदीत ढगाच्या पायथ्याची उंची लिहिताना विमानाला असा हिसका बसला होता, की आठाचे शेपूट समासाबाहेर गेले आहे. त्यापुढे बीजन, म्हणजे ढगात फवारणी, केल्याची खूण नाही.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील ढगांत पाणी असते. पण धूळ आणि धुराच्या असंख्य सूक्ष्मकणांवर ते इतके वाटले जाते, की थेंब बारीकच राहतात. दहा मायक्रॉन त्रिज्येचे दहा लाख थेंब एकवटतील तेव्हा कुठे एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा एक थेंब होतो. पायथ्याशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या, तर ओलावा ओढून घेणाऱ्या कणांभोवती मोठे थेंब लवकर तयार व्हावेत, हा हेतू. मात्र ढग आपल्यामुळे बरसला की आपसूकच बरसणार होता, हे समजण्यासाठी काही ढग तसेच सोडावे लागतात आणि ते कोणते, हे आमच्या मर्जीवर नव्हते. २७६ ढगांच्या त्या प्रयोगातून निघालेला, सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पावसाचा आकडा मी अनेक सभांत सांगितला आहे. सांगताना तुलनेच्या रकान्यात आत्याचे शेत असेल, हे मनात आले नाही. घरापासून इतके दिवस दूर राहून, हिसके खाऊन, आपल्याच माणसांवरचा ढग कोरा सोडून आलो, हे रात्रभर टोचत राहिले.

नव्या खताची खात्री करण्यासाठी आत्या स्वतः तुरीच्या दोन ओळी दरवर्षी कोऱ्या ठेवते, हे पहाटे आठवले आणि थोडा धीर आला. अर्थात, त्या ओळी तिच्या असतात.

सकाळी खरे ते सांगितले. ती म्हणाली, "बिनफवारलेला? अरे, धो धो पडला की तो. माझ्या सगळ्या गोवऱ्या भिजल्या."

वहीतील जुन्या नोंदीत आता भर घालणे नियमात बसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो : गोवऱ्या भिजल्या.