गोल्ड विंगवर दोघं: लांबच्या राईडचा वृत्तांत आणि मागच्या सीटची गोष्ट

मोठी टूरिंग बाईक घेतली की आराम आपोआप मिळतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. बाईक दोघांसाठी नीट सेट करावी लागते आणि ते करताना मागे बसणाऱ्याचं आधी ऐकावं लागतं. या ट्रिपवरून हे इतकं स्पष्ट दिसलं की वेळ काढून सविस्तर लिहितोय, पुढे कोणी जोडीने निघणार असेल तर उपयोग होईल.

आम्ही दोघं नवरा-बायको, बाईक होंडा गोल्ड विंग टूर, २०१८ नंतरची. सोबत एक मित्र आणि त्याची बायको बीएमडब्ल्यू आर १२५० आरटीवर. रस्ता सगळ्या प्रकारचा मिळाला, आधी सरळसोट हायवे, मग घाट, मग उखडलेला खडबडीत पट्टा आणि शेवटी उन्हाने तापलेलं मोकळं मैदान. आम्ही दोघंही चालवतो त्यामुळे अधूनमधून अदलाबदल केली आणि मी मागे बसलो. चालवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करावं असं मी मनापासून सांगेन, कारण मागून जे कळतं ते हँडल धरून कधीच कळत नाही.

मागे बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती म्हणजे ब्रेक. चालवणाऱ्याला ब्रेक लागणार हे आधीच माहीत असतं, शरीर तयार असतं, मागच्याला ते माहीतच नसतं आणि मग हेल्मेटवर हेल्मेट आपटतं. बायको चालवताना मागचा ब्रेक आधी हलकेच दाबते, बाईक जराशी बसते आणि मग वेग उतरतो, त्या अर्ध्या सेकंदात मी मागच्या सीटचं हँडल घट्ट धरून पोट आवळून घेतो. एवढ्यानेच दिवसभराचा थकवा कितीतरी कमी होतो. गिअरचं पण तसंच, डीसीटीमध्ये, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, गिअर इतके गुळगुळीत पडतात की मागच्याची मान झटके खात नाही. क्लचवाली बाईक असेल तर घाईघाईने गिअर मारू नका एवढंच.

आता सस्पेन्शन, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. दोघं आणि सामान म्हटलं की मागचा भाग खाली बसतो, म्हणजे हेडलाईट वर आभाळाकडे बघायला लागतो, हँडल जड आणि आळशी वाटतं, वळणावर फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) लवकर घासतात आणि खड्ड्यात मागचं सस्पेन्शन तळाला टेकतं. तो दणका थेट मागे बसणाऱ्याच्या मणक्यात जातो, कारण ती व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावर बसलेली असते आणि पुढच्याला तो अर्धाच जाणवतो. गोल्ड विंग टूरवर प्रीलोड, म्हणजे वजनाप्रमाणे मागची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, बटणावर आहे, एकटा, एकटा आणि सामान, दोघं, दोघं आणि सामान अशी चार चिन्हं येतात. आम्ही शेवटचं लावून निघालो आणि खडबडीत पट्ट्यात बायकोच्या पाठीची तक्रार आली नाही. तुमच्या बाईकवर बटण नसून नॉब किंवा पान्याने फिरवायचं असेल तर ते घरीच करा, सामान भरून, दोघांनी बसून. टायरची हवा पण मॅन्युअलमध्ये दोघांसाठी जी दिली असेल तीच आणि टायर थंड असताना बघायची.

पुढच्या चाकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. या पिढीच्या गोल्ड विंगला नेहमीचा टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या) नाही, डबल विशबोन आहे, म्हणजे गाडीसारखं दोन आडव्या हातांवरचं सस्पेन्शन, त्यामुळे रस्त्याचे बारीक हादरे हँडलपर्यंत फारसे येत नाहीत आणि ब्रेक मारल्यावर नाक जोरात खाली जात नाही. आरटीवर टेलिलिव्हर ही बीएमडब्ल्यूची वेगळी पुढची सस्पेन्शन रचना आहे, ब्रेकच्या बाबतीत परिणाम साधारण तोच. नाक कमी बुडतं म्हणजे मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर कमी घसरतो, आरामाचा हा भाग जाहिरातीत कोणी सांगत नाही.

वारा. हायवेवर माणूस दमतो तो बहुतेक वाऱ्यानेच. काच पूर्ण वर केली की छान वाटेल असा समज असतो, पण काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागून हवा आत खेचली जाते, ती पुढच्याला पाठीत ढकलत राहते आणि मागच्याचं हेल्मेट गदागदा हलवते. आम्ही काच अशी ठेवली की पुढच्याची नजर काचेच्या कडेवरून जाईल, कड साधारण नाकाच्या रेषेत. मग मागून विचारून घेतलं, डोकं हलतंय का? बायको म्हणाली, "अरे अजून जरा खाली घे, कानाशी फडफडतंय." दोन बोटं खाली घेतली आणि थांबलं. उंची प्रत्येक जोडीची वेगळी, त्यामुळे आमचं माप तुम्हाला चालणार नाही, पण विचारायची पद्धत चालेल. आणि इअरप्लग दोघांनीही घाला. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, त्याने कान तर खराब होतातच पण संध्याकाळी जी चिडचिड होते तिचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. इंटरकॉम प्लगमधूनसुद्धा व्यवस्थित ऐकू येतो.

सीटबद्दल सगळे सगळ्यात जास्त बोलतात. मऊ सीट शोरूममध्ये भारी वाटते पण तासाभरात फोम दबतो आणि बसायची दोन हाडं खालच्या कडक भागाला टेकतात. थोडी घट्ट आणि रुंद सीट लांबच्या पल्ल्याला बरी. जीन्सची जाड शिवण नेमकी त्याच हाडांखाली येते, तेव्हा रायडिंग पॅन्ट घाला आणि आत बिनशिवणीचं काहीतरी. जेलची सीट उन्हात उभी राहिली तर बराच वेळ गरम राहते, तिच्यावर काहीतरी झाकून ठेवा. गुडघ्याचा कोन हा वेगळा मुद्दा, आरटीवरच्या वहिनी उंच आहेत, त्यांचे गुडघे जास्त दुमडत होते आणि दर थोड्या वेळाने इंटरकॉमवर "थांबूया का जरा" येत होतं. गोल्ड विंगवर मागे पाय पसरायला जागा जास्त आहे, पाठीला टेकायला आहे, बाजूला हात ठेवायला आहे. चालवण्याची मजा आरटीवर जास्त हे मी मान्य करतो, घाटात तो मित्र माझ्यापुढे सहज निघून जायचा, पण मागे बसायचं असेल तर माझी निवड गोल्ड विंगच.

सेकंडहँड बघत असाल तर एक लक्षात ठेवा, २०२१ मध्ये होंडाने टूरच्या मागच्या बॅकरेस्टचा कोन १७ अंशांवरून २४.५ केला आणि टॉप बॉक्स ५० लिटरचा ६१ केला. कागदावर फरक छोटा दिसतो पण मागे बसणाऱ्याला तो नक्की कळतो.

उन्हाच्या पट्ट्यात आमचं नियोजन सगळ्यात कामी आलं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेली, की जाळीच्या जॅकेटमधून येणारा वारा थंडावा देत नाही, उलट गरमी आत ढकलतो आणि अंगातलं पाणी झपाट्याने उडवतो. अशा वेळी जॅकेटचे व्हेंट थोडे बंद करायचे, आत ओला बनियन किंवा कूलिंग व्हेस्ट घालायचा आणि नळीवाल्या पिशवीतून सतत घोट घोट पाणी प्यायचं. हवा कोरडी असेल तर व्हेस्ट कमाल करतो, दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही. मागच्या माणसाला पुढच्याच्या पाठीमुळे वारा कमीच लागतो, त्यामुळे त्याला उन्हाचा त्रास आधी होतो. बोलणं कमी झालं, उत्तरं तुटक यायला लागली की लगेच सावली बघून थांबा, "अजून थोडंच राहिलंय" म्हणत ओढू नका.

सामान भरताना जड वस्तू साईड बॉक्समध्ये तळाशी, टॉप बॉक्समध्ये फक्त हलकं. टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्या मागे लटकतो, तिथे वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं. दोघांचं वजन, हेल्मेट-जॅकेट वगैरे, सामान, नंतर लावलेल्या ॲक्सेसरीज सगळं मिळून या मोठ्या बाईकची मर्यादा साधारण २०० किलोच्या आसपासच असते. आकार बघून ती खूप जास्त असेल असं वाटतं, म्हणून मॅन्युअल काढून आकडा बघा आणि बेरीज कराच.

चढण्या-उतरण्याची शिस्त ठरवून घ्या. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, मागच्याने "चढू?" विचारायचं आणि "हो" आल्यावरच चढायचं. उतरताना तेच. पार्किंग उताराची असेल तर मागच्याने आधी उतरायचं, मग बाईक हलवायची. वळणावर मागच्याने आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, शरीर आपोआप बरोबर झुकतं, वेगळं काही करावं लागत नाही. पेट्रोल संपायची वाट बघत बसू नका, आम्ही तास-सव्वातासाने थांबायचो, खाली उतरून चालायचो, पाय ताणायचो आणि परत निघायचो. दुपारनंतर हे अंतर अजून कमी केलं.

आणि अशी बाईक घ्यायचा विचार असेल तर टेस्ट राईडला एकट्याने जाऊ नका. जोडीदाराला घेऊन जा, किमान अर्धा तास मागे बसवा, थोडा खराब रस्ता मुद्दाम घ्या, थोडा हायवे घ्या. शोरूमवाला पाच मिनिटांची चक्कर देत असेल तर भाड्याने एक दिवस घ्या, आणि परत आल्यावर आधी मागच्याला विचारा, मान, गुडघे, पाठ यातलं काय दुखतंय ते. काही दुखत असेल तर आधी प्रीलोड आणि काच बदलून परत एक चक्कर मारा, तरीही तेच दुखलं तर दुसरी बाईक बघा.